कुंदानं माफ केलं नव्हतं

कुंदा गेली त्याच्या आदल्या आठवड्यात दिग्दर्शक महाशय तिला भेटायला परळच्या हॉस्पिटलात आले होते. दुपारची भेटीची वेळ. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सुना डबा उघडून बसलेल्या, नर्स कुणाच्या तरी नावानं ओरडत असलेली... आणि त्या गोंधळात हे पांढऱ्या झब्ब्यातले, खांद्यावर शाल, हातात फुलांचा गुच्छ आणि मागे मोबाईल सरसावलेला पुतण्या. मी कुंदाच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होते. तोवर ते आंबट आहे म्हणून माझ्याशी वाद घालणाऱ्या कुंदानं दाराकडं एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडं राहिलं, श्वास लांब झाला. ते खाटेशी उभे राहिले. तिचा हात हातात घेतला, "कुंदा, अगं कुंदा" अशी हाक मारली. पुतण्यानं फोटो काढला. मग माझ्याकडं पाहून, "विश्रांती घेऊ दे तिला," असं मोठ्या मनानं म्हणत ते गेले. ते वॉर्डाबाहेर पडले तसा कुंदानं एक डोळा उघडला.

"गेला?"

"गेला."

"हात धुवायला पाणी आण गं पुष्पे."

कुंदाचं ते शेवटचं काम. मी तिची सगळी कामं पाहिली आहेत, म्हणून सांगते, त्यातही एक श्वास इकडचा तिकडं झाला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. आणि पुढं एका रविवारच्या पुरवणीत महाशयांचा लेख आला, तो फोटो घालून. "जाण्याआधी कुंदानं माझा हात घट्ट धरला. 'सर, माझ्या मनात आता काही नाही,' एवढंच ती पुटपुटली. एका थोर अभिनेत्रीनं आपल्या दिग्दर्शकाला केलेली ती क्षमा होती." लेखाच्या शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखी, बातमी होती. कुंदाच्या स्मृतीला वंदन म्हणून त्यांचा तो जुना 'अभिजात' चित्रपट लवकरच घरोघरी बघायला मिळणार आहे. मी त्यांना फोन लावला. म्हटलं, कुंदा झोपली होती, ती एक अक्षर बोललेली नाही. ते हसले. "पुष्पाताई, ती जागी होती. तिच्या पापण्या मी क्लोजअपमध्ये पाहिल्यात. सोंग मला कळत नाही होय?" मी विचारलं, मग हे काय लिहिलंत? "अहो, गेलेल्या माणसाचा शेवट गोड करावा. तिचंच नाव राहील."

तेव्हा कुंदाचा शेवट गोड नव्हता, हे सांगायला मी बसले आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे. तिनं या माणसाला माफ केलं नाही, आणि तिच्या आयुष्यात तिनं ज्या काही चांगल्या गोष्टी केल्या, त्यातली ही एक.

कुंदा आणि मी वरळीच्या बीडीडी चाळीत एकाच मजल्यावर वाढलो. तिचे बाबा गिरणीत, माझेही. तिच्या घरात मालवणी, आमच्या घरात घाटावरची बोली, आणि जिन्यात दोन्हींची खिचडी. चाळीच्या गणपतीत नाटक बसायचं, त्यात कुंदा सहावी-सातवीपासूनच मोठ्यांना त्यांची वाक्यं सांगायची. पुढं गिरणगावातल्या कामगारांच्या नाटकांच्या स्पर्धा झाल्या, बक्षिसं झाली, आणि विशी उलटता उलटता दादरच्या एका व्यावसायिक संस्थेनं तिला मोठं नाटक दिलं. मला त्यात नणंदेचं काम मिळालं, ते कुंदाची मैत्रीण म्हणून. दिवसभर मी फोर्टात सरकारी कचेरीत फायली सरकवायचे आणि संध्याकाळी तोंडाला रंग लावायचे. नाटकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की लोकांना सिनेमाच आठवतो.

गोष्ट साधी होती. एक कारकून बढतीसाठी आपल्या बायकोला साहेबाच्या बंगल्यावर पाठवतो. ती पहाटे परत येते. घरातले सगळे जागे असतात. सासू, दीर, नणंद, नवरा. सगळ्यांना विचारायचं असतं, कुणी विचारत नाही. साहेबाचा बंगला नाटकात कुठंच दिसत नव्हता. पडदा वर जायचा तेव्हा कुंदा प्रेक्षकांकडं पाठ करून उभी असायची, आणि प्रेक्षकांना आम्हा घरच्यांची तोंडं दिसायची. मग तिचं स्वगत सुरू व्हायचं. "विचारा ना. मी तिथं काय केलं, ते विचाराल तुम्ही. मला तिथं कुणी पाठवलं, ते नाही विचारणार." तिचा चेहरा फक्त आम्हाला दिसायचा. इतक्या प्रयोगांत एकदाही मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. कोल्हापूर, नागपूर, इंदूर... सगळीकडं ते वाक्य आलं की थिएटरात खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही. बाया विंगेत येऊन तिचे हात धरून नुसत्या उभ्या राहायच्या.

अशा नाटकावर सिनेमा निघणार हे उघडच होतं. दिग्दर्शक तेव्हा तरुण, शिकलेले, तोंडात परदेशी सिनेमांची नावं. कुंदालाच नायिका घेतली याचा आम्हाला केवढा आनंद! चाळीत पेढे वाटले. शूटिंगच्या आधी तिनं त्यांना स्पष्ट विचारलं होतं, बंगल्यात काय दाखवणार? ते म्हणाले, "काही नाही. तू आत जातेस, दार बंद होतं. बस्स." तिच्यावर तसंच चित्रित केलं. ती आत जाते, दार बंद होतं. स्वगतही सगळं चित्रित केलं, त्या दिवशी सेटवरची माणसं रडली म्हणे.

पहिला खेळ गिरगावातल्या थिएटरात होता. मी कुंदाच्या शेजारी बसले होते. पडद्यावर ती आत गेली, दार बंद झालं... आणि कॅमेरा दाराच्या आत होता. दिवा, पलंग, साहेब, आणि एका बाईची उघडी पाठ. ती पाठ फिरली. जे दिसायचं ते सगळं दिसलं, फक्त तोंड दिसलं नाही. लगेच कुंदाचा चेहरा, मग पुन्हा ते शरीर, असं जोडलेलं की कुणालाही वाटावं, एकच बाई. "ही मी नाही," कुंदा म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं. तिनं माझा हात धरला तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. पहाटेचा प्रसंग आला. ती घरी आली, घरच्यांकडं बघत राहिली, आणि सनई वाजून सिनेमा संपला. स्वगत कापलं होतं. सगळंच्या सगळं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या ऑफिसात गेलो. ते खुर्चीतून उठून आले. "अगं, एका रात्रीत केवढी झालीस, कळतंय का तुला?"

"ती बाई मी नाही, हे जाहीर करा."

"मग लोक कशाला येतील?" ते म्हणाले. आणि खरंच त्यांना या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. स्वगताचं विचारलं तर म्हणाले, सिनेमा बघायचा असतो, ऐकायचं तर नाटकात जावं.

लालबागच्या नाक्यावर ते पोस्टर लागलं. उघडी पाठ आणि खाली कुंदाचं नाव. 'केवळ प्रौढांसाठी' ही अक्षरं तिच्या नावापेक्षा मोठी होती. चाळीतल्या पोरांनी ते रात्री फाडून आणलं आणि जिन्याखाली चिकटवलं. गणपतीच्या मंडळानं तिला सांगितलं, यंदा नाटक नको. वसंता, तिचा मोठा भाऊ, चाळीच्या पटांगणात उभा राहून चार लोकांसमोर म्हणाला, "आमची बहीण मेली." तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. आणि बाबा... बाबा एक दिवस गिरणीतून सुटल्यावर एकटेच थिएटरात गेले. तिकीट काढून, त्या सगळ्या शिट्ट्यांमध्ये बसून, त्यांनी लेकीचा सिनेमा पाहिला. घरी येऊन चप्पल काढली, पाणी प्यायले आणि कुंदाला म्हणाले, "ती तू न्हंय. ल्हानपणी कडत पाणी पडलेला, तो डाग तुझ्या पाठीर आसा. त्या बायेची पाठ साफ आसा." कुंदाची आई म्हणाली, मग खाली जाऊन लोकांना सांगा तरी! बाबा म्हणाले, "खंयच्या तोंडान सांगू? बापसान बसान बगला म्हणान?"

मी तिला सुचवलं, चाळीतल्या बायांना एकदा डाग दाखव, तोंडं बंद होतील. ती माझ्यावर उसळली. "ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलंय. आता खरी पाठ पण दाखवू? पुरावा म्हणून? नाही दाखवणार." आणि नाही दाखवली, कुणालाच नाही.

नाटकवाले गोड बोलून दूर झाले. कौटुंबिक नाटकाला ते नाव चालेना. सिनेमावाले आले, पण कशासाठी ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. कुंदानं एका शाळेच्या कचेरीत नोकरी धरली. आम्हाला वाटलं, संपलं. पण तिच्या मनात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. तो सिनेमा काही वर्षांनी सकाळच्या खेळाला लागायला लागला, पडक्या थिएटरांत. कुंदा डोक्यावरून पदर घेऊन त्या खेळांना जायची. सगळी पुरुषमंडळी, तिला बघायला आलेली. आणि ही त्यांच्यातच कोपऱ्यात बसून दुसऱ्या बाईची पाठ बघायची. पुन्हा पुन्हा. शेवटी तिला हवं ते सापडलं. खांद्याच्या मागं, दिव्याचा उजेड पडतो तिथं, हिरवं गोंदण होतं, माशाच्या आकाराचं. त्या सिनेमाच्या केशभूषेला असलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडं जाऊन तिनं विचारलं. बाईंना लगेच आठवलं. गर्दीच्या दृश्यांत उभी राहायला यायची, शीव कोळीवाड्याची हंसा.

"तिच्या मुस्काटात एक मारायचीय. तू चल," कुंदा म्हणाली. मी गेले.

हंसा ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. आमच्याच वयाची, धिप्पाड, कपाळाला मोठं कुंकू. कुंदाला बघितलं आणि तिच्या हातातला बोंबील खाली पडला. तिनं ओळखलं होतं. आजूबाजूला बाया होत्या. ती उठली आणि आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली, जिथं जाळी वाळत घातली होती. कुंदानं हात उगारला तर ती मागंसुद्धा सरली नाही.

"मारा बाय. पन आदी ऐका. मना सांगलं, कॅमेरा बंद हाय, नुसती लाईट बघायची हाय. कुंदाबाय सोता येनार हायेत, तवर तू उभी रहा. मना गरज व्हती, मी उभी ऱ्हायली. थेटरात लागला तवा कललं. तुमचा नाव झाला, म्हनून मी वाचली. रोज देवाला हात जोडतंय, कुनाला कलू नको."

कुंदाचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तिनं तो खाली घेतला. "मग आता बोल. सगळ्यांसमोर."

"नवरा जित्ता हाय. कोयत्यानं तोडील मना."

त्यानंतर किती दिवस तरी तिनं हंसाचं नाव काढलं नाही. मग एक दिवस म्हणाली, "थांबते मी. तिचा नवरा मरेपर्यंत." मला वाटलं, रागात बोलतेय. पण कुंदा थांबली! मधल्या वर्षांत गिरण्या बंद झाल्या, बाबा गेले, आई गेली, माझं लग्न, मुलं, निवृत्ती... सगळं झालं. ती दर दोन-चार महिन्यांनी कोळीवाड्यात जायची. सुरुवातीला, नवरा अजून आहे का ते बघायला. पुढं पुढं जेवायला. हंसाच्या हातचं बोंबलाचं कालवण तिला आवडायला लागलं होतं, हे तिनं माझ्यापाशी कधी कबूल केलं नाही. नवरा मात्र टणक निघाला. तो गेल्याचा फोन हंसानं केला तेव्हा कुंदाचे केस पांढरे झाले होते. मला येऊन म्हणाली, "सुटलो एकदाचे." देवा, मी हसले. अजूनही हसते.

तोवर तो सिनेमा म्हातारा होऊन अभिजात झाला होता. जी माणसं एके काळी पदरात तोंड लपवून त्याबद्दल बोलायची, त्यांची मुलं आता त्यावर प्रबंध लिहीत होती. महाशयांना पुरस्कार मिळाले होते. दक्षिण मुंबईत एका चित्रपट महोत्सवात त्याची नवी, स्वच्छ केलेली प्रत दाखवायचं ठरलं. एक कंपनी तो घरोघरी टीव्ही-मोबाईलवर दाखवणार होती. कुंदाला सन्मानानं बोलावलं. ती लगेच हो म्हणाली, आणि बरोबर दोन मैत्रिणी येतील असं कळवलं.

महाशयांनी आधी भाषण केलं. कुंदाचं धाडस, कुंदाचा त्याग, भारतीय स्त्रीचं शरीर... कुंदा मंचावर हात जोडून बसली होती. तिला बोला म्हटलं तर म्हणाली, "मी नंतर बोलीन." ती खाली येऊन माझ्याशेजारी बसली आणि सिनेमा सुरू झाला. दार बंद झालं, दिवा दिसला. कुंदा माझ्या एका बाजूनं उठली, हंसा दुसऱ्या बाजूनं. दोघी हळूहळू पायऱ्या चढून मंचावर गेल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. ती पाठ त्यांच्या साड्यांवर पडली, चुण्यांमध्ये मोडली, हंसाच्या पांढऱ्या केसांवर गेली. आणि कुंदा बोलायला लागली. "विचारा ना. मी तिथं काय केलं, ते विचाराल तुम्ही..." सबंध स्वगत. एक शब्द विसरली नाही. सिनेमातला आवाज कुणीतरी बंद केला, चित्र चालूच राहिलं. या वेळी तिचं तोंड लोकांकडं होतं.

दिवे लागले. महाशय उभे राहिले. "कुंदा, हे काय चालवलंयस?"

"हंसा, सांग त्यांना," कुंदा म्हणाली.

हंसा एक पाऊल पुढं आली. बाजारात हाक मारणारा आवाज तो, त्याला माईक लागला नाही. "ही पाठ माजी हाय. बायची नाय. मना इचारलं नव्हता, तिला बी इचारलं नव्हता."

"अहो, त्या काळी असंच चालायचं..."

"तुमचं चाललं," कुंदा म्हणाली. "आमचं थांबलं."

टॅक्सीत ती खिडकीतून वारा घेत बसली होती. मला म्हणाली, "पुष्पे, स्वगताला टाळी नाही आली बघ. पहिल्यासारखं." तिच्या दृष्टीनं याहून मोठी दाद नव्हती. त्या कंपनीनं नंतर महाशयांना सांगितलं, आधी दोन्ही बायकांची संमती आणा. दोघींनी दिली नाही. महाशयांनी माणसं पाठवली, निरोप पाठवले, एकदा स्वतः हारतुरे घेऊन आले. कुंदा प्रत्येकाला चहा द्यायची आणि नाही म्हणायची. पुरस्कार त्यांच्याकडंच राहिले, कुणी परत मागितले नाहीत. पण सिनेमा डब्यात गेला. आपलं तारुण्यातलं एकुलतं एक मोठं काम कुणाला दाखवता येत नाही म्हणजे काय होतं, हे म्हातारपणी का होईना, त्यांना कळलं. ते कळताना बघायला कुंदा चांगली काही वर्षं जगली, आणि मजेत जगली.

चाळ पडून टॉवर झाले, तशी तिला वरच्या मजल्यावर नवं घर मिळालं. उजेड भरपूर, खिडकीतून समुद्राची पट्टी. वसंता पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. कुंदानं त्याला दारातच विचारलं, "मेलेल्या बहिणीकडं कसा काय आलास रे?" पेढे मात्र ठेवून घेतले. आम्ही ते संध्याकाळी खाल्ले.

त्या टॉवरमध्ये सगळी दारं बंद असतात. लिफ्टमधून बाहेर पडलं की नुसत्या पाट्या. कुंदाचं दार मात्र सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत सताड उघडं. वॉचमननं सांगून पाहिलं, सोसायटीनं सांगून पाहिलं. ती म्हणायची, "यायचं त्यानं यावं. बघायचं त्यानं बघावं. मी आहे इथं."

गेल्या रविवारी हंसा आणि मी तिचं घर आवरायला गेलो होतो. भांडी काढली, साड्यांच्या घड्या केल्या. तेवढ्यात महाशयांचा पुतण्या आला. हंसाचा शोध घेत घेत इथपर्यंत पोचला होता. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला. हंसानं त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "मावशी, काका थकलेत. कुंदाताईही गेल्या. आता कशाला धरून ठेवायचं? तुम्ही एक हो म्हणा."

हंसा हातातल्या साडीची घडी करत राहिली. ती पुरी झाल्यावर म्हणाली, "बाय गेली. मी हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काही मदत करीन असं त्याला का वाटलं कोण जाणे. मग उठला, नमस्कार केला, आणि चांगल्या वळणाचा माणूस म्हणून जाताना दार ओढून घेतलं.

लॅच लागल्याचा आवाज झाला. हंसा गुडघ्यांवर हात टेकून उठली, दारापर्यंत गेली आणि ते पुन्हा सताड उघडून आली.